बेरूतच्या गाण्यांमधली हवा

बेरूत या बँडबद्दल कुणाशीही बोलायला लागलं की दोन मिनिटांत विषय नकाशावर जातो. पहिला अल्बम बाल्कन, दुसरा फ्रान्स, मग मेक्सिको, मग इटली, मग नॉर्वे. अल्बमची परीक्षणंसुद्धा तशीच असतात, या वेळी बँडचा कर्ताधर्ता झॅक कॉन्डन कुठे जाऊन आला ते आधी आणि गाण्यांबद्दल नंतर. मला वाटतं या बँडची वीस वर्षांची वाटचाल नकाशावर नीट दिसतच नाही. ती वाद्यांमध्ये दिसते. कुठल्या वेळी कॉन्डनच्या हातात कुठलं वाद्य होतं आणि ते वाजताना खोलीत किती माणसं होती एवढं बघितलं तरी सगळं उलगडत जातं. आणि ही वाद्यं बहुतेक सगळी हवेवर चालणारी आहेत, एकतर फुंकायची नाहीतर भात्याची. हे लक्षात आल्यावर मी सगळे अल्बम पहिल्यापासून ओळीने परत ऐकले आणि तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात आहे.

तर झॅक कॉन्डन. जन्म 1986, अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात सांता फेमध्ये वाढलेला. शाळेच्या वयात जॅझ बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचा. एका परदेशी सिनेमे दाखवणाऱ्या थिएटरमध्ये काम करायचा आणि तिथे त्याच्या कानावर असलं काय काय पडलं, सिसिलीमधले अंत्ययात्रेचे ब्रास बँड, बाल्कनमधलं संगीत वगैरे. घरी खोलीत बसून रेकॉर्डिंग करायचा, त्यातलं पहिलंवहिलं तर चक्क इलेक्ट्रॉनिक होतं, रियलपीपल या नावाने. मग शाळा सोडली, मोठ्या भावाबरोबर युरोपात भटकला, आणि परत आला तो डोक्यात बाल्कन ब्रास घेऊनच.

एक गोष्ट इथे महत्त्वाची आहे. लहानपणी पडल्यामुळे त्याच्या डाव्या मनगटाला कायमची इजा झालेली, त्यामुळे गिटारचा दांडा त्या हाताने नीट धरता येत नाही. म्हणून युकुलेले, गिटारच्याच घराण्यातली चार तारांची, कारण ती चिमुकली. त्याच्या पिढीतल्या जवळजवळ प्रत्येक अमेरिकन गाणं लिहिणाऱ्या मुलाच्या हातात गिटार होती आणि त्यांची सगळी गाणी गिटारवर सुचलेली असायची, याच्या बाबतीत तो रस्ताच बंद होता. त्याची गाणी सुचली ती ट्रम्पेटवर आणि फारफिसा कंपनीच्या एका जुन्या मोडक्या विजेच्या ऑर्गनवर. हा ऑर्गन त्याला सांता फेमधल्या पहिल्या नोकरीच्या ठिकाणी मिळाला. मागच्या गोदामात पडून होता, गावोगाव फिरणाऱ्या एका सर्कशीचा कीबोर्डवाला तो तिथेच टाकून गेला होता कारण त्याच्या काही पट्ट्या आणि बटणं चालत नव्हती. कॉन्डनने तो घरी आणला आणि ज्या पट्ट्या चालत होत्या त्यांच्यावर चाली बांधल्या. पहिला अल्बम बराचसा आणि दुसऱ्याचाही मोठा भाग त्या ऑर्गनवर लिहिलेला आहे. मला ही गोष्ट फार आवडते. चाल कुठल्या सुरावर जाणार हे थोडंसं ऑर्गनच्या मोडक्या पट्ट्यांनीही ठरवलंय.

'गुलाग ऑर्केस्टार' आला मे 2006 मध्ये, बा डा बिंग या छोट्या लेबलवर. तेव्हा हा वीस वर्षांचा. बहुतेक सगळं त्याने अल्बुकर्कीला आपल्या खोलीत एकट्याने रेकॉर्ड केलेलं, नंतर जेरेमी बार्न्स आणि हेदर ट्रॉस्ट या दोघांनी ड्रम आणि व्हायोलिनची भर घातली. हे दोघं म्हणजे अ हॉक अँड अ हॅकसॉ ही जोडी, बार्न्स आधी न्यूट्रल मिल्क हॉटेल नावाच्या बँडमध्ये ड्रम वाजवायचा. त्या काळात अमेरिकेत पूर्व युरोपच्या सुरांची एक लाटच होती, न्यूयॉर्कमध्ये गोगोल बोर्डेलो, डेन्व्हरमध्ये डेव्होचका असे बँड होते. त्यामुळे कॉन्डनवरही लगेच बाल्कनचा शिक्का बसला.

पण ऐकून बघा ना नीट. खरा बाल्कन ब्रास म्हणजे मॅसेडोनियाचं कोचानी ऑर्केस्टार, रोमानियाच्या एका खेड्यातली फानफारे चोकर्लिया, सर्बियाचा बोबान मार्कोविच. हे सगळे रोमा, म्हणजे ज्यांना जिप्सी म्हणायचे त्या समाजाचे वादक. त्यांचा वेग भयंकर, ताल सात मात्रांचा, नऊ मात्रांचा, अकरा मात्रांचा, आणि त्यावर ट्रम्पेटच्या ताना इतक्या बारीक आणि धारदार की ऐकणाऱ्याला धाप लागावी. 'गुलाग ऑर्केस्टार'मध्ये यातलं जवळजवळ काही नाही. तिथे संथ वॉल्ट्झ आहे, तीन मात्रांचा, नाहीतर सरळ चार मात्रांची चाल. ट्रम्पेट लांब लांब सूर धरतो, तोच सूर त्याने परत परत स्वतःच वाजवून एकावर एक चढवलाय आणि ते थर एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत, थोडेसे पुढेमागे होतात, आणि त्यामुळेच एका माणसाचा आवाज पंधरा जणांच्या थकलेल्या बँडसारखा येतो. गाण्यांची नावं बघा, ब्रँडनबर्ग, ऱ्हाइनलँड, बर्लिनमधला प्रेन्झलाउअरबर्ग, ब्रातिस्लाव्हा, इटलीहून आलेली पोस्टकार्डं. यातलं एकही ठिकाण बाल्कनमधलं नाही! मग याला बाल्कन अल्बम म्हणायचं तरी कशाच्या जोरावर. तो सांता फेमधल्या एका मुलाच्या खोलीचा अल्बम आहे, आणि तसा ऐकला की जास्त खरा वाटतो. गुलागसारखा शब्द नावात सहज वापरणं मात्र मला आजही खटकतं. त्या सोव्हिएत छळछावण्यांमध्ये लाखो माणसं मेली, आणि गाण्यांचा त्याच्याशी काही संबंध नाही. विशीतल्या मुलाला तो शब्द नुसता भारदस्त वाटला असणार.

बँडचं नावही असंच दुरून घेतलेलं. वेगवेगळ्या संस्कृती जिथे एकमेकींवर आदळतात असं शहर म्हणून त्याने लेबनॉनमधलं बेरूत निवडलं, आणि अल्बम आल्यावर दोनच महिन्यांत, जुलै 2006 मध्ये, खऱ्या बेरूतवर बॉम्ब पडत होते. त्या उन्हाळ्यात हे नाव घेऊन स्टेजवर उभं राहणं सोपं नसणार.

इथे ब्रासबद्दल थोडं सांगायलाच हवं कारण त्याशिवाय पुढचं कळत नाही. ऑटोमन सुलतानाने 1826 मध्ये जानिसारी सैन्य मोडीत काढलं, त्यांच्याबरोबर त्यांचा मेहतेर हा लष्करी वाद्यवृंदही गेला, आणि नवीन पाश्चात्त्य धर्तीचा लष्करी बँड उभा करायला इटलीहून जुझेप्पे डोनिझेत्ती आला, प्रसिद्ध ऑपेरावाल्या डोनिझेत्तीचा भाऊ. बाल्कनमध्ये पितळी वाद्यं पसरली ती अशा लष्करी बँडांमधून, मग रोमा वादकांनी ती लग्नात आणि मयताला वाजवत आपलीशी केली. सर्बियात गुचा गावी 1961 पासून ट्रम्पेटचा मोठा महोत्सव भरतो. मेक्सिकोत वाहाकाच्या खेड्यांमध्येही एकोणिसाव्या शतकातल्या लष्करी बँडांमधूनच गावोगावचे बँड तयार झाले. आणि आपल्या वरातीचा बँड, तो इंग्रजांच्या पलटणीतून आला. म्हणून मराठी कानाला बेरूत पहिल्यांदा ऐकताना अजिबात परका वाटत नाही, तो किंचित सुटलेला, भसाडा आणि तरीही काळजाला भिडणारा पितळेचा आवाज आपण लहानपणापासून ऐकत आलोय. सैन्याने सोडून दिलेली वाद्यं साध्या माणसांनी उचलली, ही जगभरची गोष्ट आहे, आणि कॉन्डन त्या रांगेतला अगदी शेवटी आलेला एक माणूस.

त्याच्यावर आरोप होतोच की हा दुसऱ्यांचं संगीत उचलतो. प्रश्न खरा आहे. वर्ल्ड म्युझिक हा शिक्का 1987 मध्ये लंडनच्या एका पबमध्ये जमलेल्या छोट्या रेकॉर्ड कंपन्यांच्या लोकांनी ठरवला, कारण दुकानात या रेकॉर्डी कुठल्या कप्प्यात ठेवायच्या तेच कळत नव्हतं. म्हणजे तो कप्पा दुकानदारांच्या सोयीसाठी होता. अमेरिकन मुलगा ट्रम्पेट घेऊन आला की तो इंडी, म्हणजे स्वतंत्र बाण्याचा रॉकवाला, आणि कोचानीचे वादक मात्र वर्ल्ड म्युझिक, ही विषमता आहे आणि तिचा फायदा कॉन्डनला झाला हे मान्य करायलाच हवं. पण त्याने कधी मी बाल्कनचा आहे असा आव आणलेला मला तरी दिसला नाही, आणि त्याच्यामुळे मी कोचानीपर्यंत पोचले हेही तितकंच खरं.

पुढे काय झालं तर हा एकट्याचा बँड अचानक खरा बँड झाला. अल्बम गाजला, कार्यक्रम करायचे तर माणसं हवीत, मग न्यूयॉर्कला गेला आणि मित्रांना जमवलं. पेरिन क्लुटिएर अकॉर्डियनवर, निक पेट्री ड्रमवर, पॉल कॉलिन्स बेसवर, केली प्रॅट आणखी एका ट्रम्पेटवर. 'लॉन गिस्लंड' हा 2007 च्या सुरुवातीचा छोटा ईपी, म्हणजे मोजक्या गाण्यांची रेकॉर्ड, हे पूर्ण बँडचं पहिलं रेकॉर्डिंग, आणि फरक लगेच ऐकू येतो. एकट्याने स्वतःवर चढवलेले थर आणि चार माणसांनी एकत्र घेतलेला श्वास यात जो फरक असतो तो. सूर सुटतो तोही सगळ्यांचा एकदम सुटतो.

माझा सगळ्यात लाडका अल्बम मात्र त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आलेला 'द फ्लाइंग क्लब कप'. नावामागे साधारण 1910 चा एक फोटो आहे, पॅरिसमधल्या गरम हवेच्या फुग्यांचा. इथे जाक ब्रेलसारख्या फ्रेंचमध्ये गाणाऱ्या गायकांचा असर आहे, ओवेन पॅलेटने बांधलेली तंतुवाद्यं आहेत, काही भाग क्वेबेकमध्ये आर्केड फायर बँडच्या स्टुडिओत झाला, जो आधी चर्च होता. पण खरी कमाल अकॉर्डियनची आहे. पहिल्या अल्बममध्ये ट्रम्पेट पुढे आणि बाकी सगळं त्याच्या मागे फरफटत यायचं. इथे अकॉर्डियनचा भाता सगळ्या गाण्याला आत-बाहेर करत राहतो, ट्रम्पेट त्यावर येतो, थांबतो, आवाजाला जागा देतो. आणि कॉन्डनचा आवाज! तो शब्द गातो त्यापेक्षा स्वर जास्त गातो, लांब ओढलेले आ आणि ओ, ब्रासच्या पट्टीत बसणारे. शब्द कळले नाहीत तरी चालतं असं कुणी म्हटलं तर मी भांडणार नाही, कारण इथे गळासुद्धा एक फुंकायचं वाद्यच आहे. गाण्यांचे व्हिडिओ करणाऱ्या फ्रान्सच्या ब्लोगोथेक मंडळींनी या अल्बमचं प्रत्येक गाणं ब्रुकलिनमध्ये असंच चालता-बोलता चित्रित केलं, शिवाय पॅरिसमधला एक वेगळा व्हिडिओ आहे, तो तर नक्की बघा. माईक-स्टेज काही नाही, माणसं वाद्यं घेऊन चालतायत आणि वाजवतायत. कोण कधी श्वास घेतो ते डोळ्यांना दिसतं.

पण या सगळ्याची किंमत त्याच्या शरीराने मोजली. 2006 च्या शेवटी तो इतका थकला की हॉस्पिटलमध्ये दाखल व्हावं लागलं आणि युरोपचा दौरा रद्द झाला. दोन वर्षांनी परत एक दौरा रद्द. 2013 मध्ये ऑस्ट्रेलियात पुन्हा हॉस्पिटल. आपल्याकडे गवयाच्या आणि सनईवाल्याच्या बाबतीत दमसास म्हणतात तो नुसता फुफ्फुसांचा नसतो, रोज रात्री वेगळ्या शहरात उभं राहून तोच जीव ओतायचा तर तो दम आणायचा कुठून.

मधे 2009 मध्ये एक जोड-ईपी आला. अर्धा 'मार्च ऑफ द झापोटेक', त्यासाठी तो वाहाकामधल्या तेओतित्लान देल व्हाये गावी गेला आणि तिथल्या हिमेनेस बँडबरोबर रेकॉर्डिंग केलं, हा बँड एरवी गावातल्या मयतांना वाजवणारा, आणि बोलणं इंग्रजीतून स्पॅनिशमध्ये आणि स्पॅनिशमधून झापोटेकमध्ये असं दोनदा भाषांतर होऊन चालायचं. दुसरा अर्धा 'हॉलंड', परत त्या जुन्या रियलपीपल नावाने, सगळा इलेक्ट्रॉनिक. माझं मत विचाराल तर मेक्सिकोचा भाग मला थोडा अवघडलेला वाटतो. वादक उत्तम आहेत, ढोलाचा घुमारा तर अप्रतिम आहे, पण चाली कॉन्डनच्या श्वासाच्या आहेत आणि फुंकणारी छाती दुसऱ्याची, त्या दोघांना एकमेकांची सवय व्हायला वेळच मिळाला नाही असं सारखं जाणवतं. नकाशाप्रमाणे बघितलं तर हा त्याचा सगळ्यात अस्सल प्रवास, खरं गाव, खरा बँड. आणि तरीही त्या खोलीत बसून केलेला नकली बाल्कन जास्त जिवंत निघाला. मला यावरून वाटतं की लोकसंगीत नुसतं जागेवर जाऊन मिळत नाही, तिथे राहून वाजवत राहावं लागतं.

'द रिप टाइड' 2011 चा, स्वतःच्या पाँपेई रेकॉर्ड्स या लेबलवर. नऊ गाणी, जेमतेम अर्धा-पाऊण तासाचा. न्यूयॉर्क राज्यात गावाकडे हिवाळ्यात एकटा राहून त्याने हा लिहिला. पहिल्यांदाच त्याने आपल्याच गावाच्या नावाचं गाणं केलं, सांता फे. थर कमी झाले, पियानो आला, शब्द स्पष्ट ऐकू येऊ लागले. ट्रम्पेट आहे, पण गाण्याच्या मधे उभा राहत नाही, कडव्यांच्या मधल्या जागेत येऊन जातो. बरेच लोक याला सगळ्यात परिपक्व अल्बम म्हणतात आणि ते चूक नाहीत.

2015 चा 'नो नो नो' फोरएडी लेबलवर आला, आजारपण आणि घटस्फोट झाल्यावरचा. दोन आठवड्यांत केलेला, मुख्यतः पियानो, बेस आणि ड्रम, ब्रास फारच थोडा. लोकांनी याला पातळ म्हटलं. मला तो ऐकताना बरं वाटतं, पण फार वेळा लावला जात नाही हेही खरं.

आणि मग 2019 चा 'गॅलिपोली'. हे तुर्कस्तानातलं पहिल्या महायुद्धातलं गॅलिपोली नव्हे, इटलीच्या टाचेवर पुलियामध्ये याच नावाचं तटबंदीचं जुनं गाव आहे. पण अल्बमची सुरुवात इटलीत झालीच नाही, ती झाली त्या जुन्या फारफिसापासून. आईवडिलांच्या घरी सांता फेला पडलेला तो ऑर्गन त्याने न्यूयॉर्कला मागवून घेतला आणि त्यावर परत लिहायला बसला. नंतर तो बर्लिनला राहायला गेला, रेकॉर्डिंग पुलियात झालं, आणि मुद्दाम मोडके अँप्लिफायर, टेप मशीन यांच्यातून आवाज काढून घेतले, वाद्याची प्रत्येक खरखर, करकर तशीच ठेवली. एका रात्री तिथे फिरताना त्यांना मिरवणूक दिसली, पुढे संताची मूर्ती घेतलेले पाद्री, बरोबर ब्रास बँड आणि मागे अख्खं गाव, त्यावरून दुसऱ्या दिवशी त्याने एका बैठकीत अल्बमचं मुख्य गाणं लिहिलं. या अल्बमवर समाधानी माणसाचा आवाज आहे. सगळे जुने मित्र आहेत, ट्रम्पेट परत पुढे आलाय, आणि फारफिसाचा तो नाकातला सूर खाली सतत चालू.

त्याच वर्षी त्याचा गळा गेला. घशाच्या त्रासाने दौरा रद्द करावा लागला, आणि या वेळी तो आतून हादरला. 2020 च्या सुरुवातीला, ऐन काळोख्या दिवसांत, उत्तर नॉर्वेच्या हाडसेल बेटावर एका लाकडी घरात जाऊन राहिला. तिथे 1824 चं लाकडी, अष्टकोनी चर्च आहे आणि त्यातला ऑर्गन त्याला वाजवायला मिळाला. 2023 चा 'हाडसेल' त्यातून झाला. वाद्यं पुन्हा सगळी त्यानेच वाजवलेली, पहिल्या अल्बमसारखा एकटा. मला सगळ्यात हलवून गेलेली गोष्ट हीच. आयुष्यभर छातीतून हवा पुरवणारा माणूस, ती हवा संपल्यावर अशा वाद्यापाशी जाऊन बसला ज्याची हवा त्याला पुरवावी लागत नाही. चर्चचा ऑर्गन म्हणजे शेवटी शेकडो शिट्ट्या आणि एक भाता, बोट पट्टीवर ठेवलं की सूर हवा तितका वेळ टिकतो, दम घ्यायला थांबावंच लागत नाही. त्यावर त्याने स्वतःचा आवाज थरावर थर चढवून गायलाय, अगदी पहिल्या अल्बममध्ये ट्रम्पेटचे थर चढवले होते तसा, आणि हळूहळू मधेमधे ट्रम्पेटही परत येतो. लोक याला नॉर्वेचा अल्बम म्हणतात. त्यात नॉर्वेचं लोकसंगीत मला कुठे सापडलं नाही, मला तो बरा होत जाणाऱ्या माणसाचा अल्बम वाटतो.

2025 मध्ये आला 'अ स्टडी ऑफ लॉसेस', कोम्पानी गिराफ या स्वीडनच्या सर्कस मंडळीसाठी लिहिलेला. अठरा तुकडे, त्यातले काही नुसते वाद्यांचे, चंद्रावरच्या समुद्रांची नावं असलेले. विषय हरवलेल्या गोष्टींचा. इथे तंतुवाद्यं खूप आहेत आणि आवाज पुन्हा मोकळा झालाय, कुणासाठी तरी, कुणाच्या तरी हालचालीसाठी लिहिताना त्याच्यावरचं स्वतःबद्दल बोलायचं ओझं उतरलंय असं वाटतं. मला हा अजून पूर्ण उमगलेला नाही, लांब आहे, सावकाश ऐकतेय.

ज्यांनी बेरूत कधीच ऐकला नाही त्यांनी सुरुवात 'द फ्लाइंग क्लब कप'ने करा, मग 'गुलाग ऑर्केस्टार', आणि लगेच त्याच्यानंतर कोचानी ऑर्केस्टारचं काहीही लावा म्हणजे मी वर तालाबद्दल काय म्हणतेय ते कानाला कळेल. 'हाडसेल' मात्र मोबाईलच्या स्पीकरवर लावू नका, ऑर्गनचे खर्जाचे सूर त्यात उडूनच जातात. रात्री, घर शांत झाल्यावर, मोठ्या स्पीकरवर, पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत सलग.